नंदुरबार जिल्ह्यात परमिट रूम काढण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

परमिट रूम काढायला भांडवल लागतं, असा एक गैरसमज नंदुरबारपासून धडगावपर्यंत पसरलेला आहे. भांडवल काय, एखादा मेहुणाही देतो. लागते ती मोजपट्टी. दारूचा परवाना हे मुळात अंतराचं शास्त्र आहे : कशापासून किती लांब आणि कशाच्या किती जवळ. होतकरू अर्जदारांसाठी ते क्रमवार देत आहोत.

१. कायद्याच्या नावाला घाबरू नका.
दारू विकण्याची परवानगी मिळते ती दारूबंदी अधिनियमाखाली. जुन्या मुंबई राज्याने १९४९ साली तो केला. १९६० मध्ये वाटण्या झाल्या, तेव्हा दोन्ही वारसांच्या हाती त्याची एकेक प्रत आली. गुजरातने कायद्याचं नाव मनावर घेतलं, महाराष्ट्राने आतली नियमावली.

२. मागायचं काय, ते ठरवा.
वाइन शॉप (एफएल-२) किंवा देशीचं दुकान (सीएल-३) मागू नका. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून नव्या परवान्यांचा हा दरवाजा जवळपास बंदच आहे. जुने परवाने वारसाहक्काने, भागीदारीने आणि स्थलांतराने फिरत राहतात. अशा घरात सोयरीक जुळत असेल तर पत्रिका बघत बसू नये. बाकीच्यांनी एफएल-३ म्हणजे परमिट रूमवर, नाहीतर बिअर शॉपीवर समाधान मानावं.

३. देव आणि शाळा यांच्यापासून लांब राहा.
परमिट रूमसाठी नियम ७५ मीटरचा आहे. अंतर सरळ रेषेत धरत नाहीत. माणूस पायी जातो त्या वाटेने, दारापासून दारापर्यंत मोजतात. तेव्हा ७१ मीटर भरले तर देवळाकडे वाकडी नजर करू नका, आपलंच दार पलीकडच्या गल्लीत काढा. देवस्थान सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं आहे का, हेही पाहा. कागदावर नसलेला मारुती कितीही जागृत असला तरी हरकत घेऊ शकत नाही.

४. महामार्गाशी अबोला धरा.
१५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. पुढे २०,००० पर्यंत वस्तीच्या गावांसाठी अंतर २२० मीटरवर आलं आणि नगरपालिका हद्दीला २०१७ मध्येच मोकळीक मिळाली. धुळे-सुरत रस्त्यावर विसरवाडी, नवापूर या बाजूला जागा बघणाऱ्यांनी हा इतिहास तोंडपाठ करावा. केरळात उत्तर परवूरच्या एका बारने तर दारापुढे वळणावळणाचा भूलभुलैया बांधून चालण्याचं अंतर वाढवलं होतं. आपल्याकडे कपाशीचे बांध असताना हा खर्च कशाला?

५. सरहद्दीच्या जवळ राहा.
लांब राहण्याचे नियम संपले. आता जवळ राहण्याचा, कुठेही न छापलेला नियम. नवापूर रेल्वे स्थानकाच्या फलाटातून दोन राज्यांची सीमा जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत. एकाच बाकाच्या एका टोकाला बाटली असली तर चालून जाईल, दुसऱ्या टोकाला गुन्हा. या भूगोलाचं मोल जागेच्या भाड्यात आपोआप धरलेलं असतं. गंमत म्हणजे त्याच कोरड्या गुजरातेत, सागबारा तालुक्यात, देवमोगरा मातेला मोहाची दारू चढते आणि आपल्याकडचे हजारो भाविक तिच्या यात्रेला जातात. देवीकडे एफएल-३ची प्रत मागायला अजून कोणी गेल्याचं ऐकिवात नाही.

६. कागदांची चळत रचा.
जागेचा उतारा किंवा भाडेकरार, अन्न परवाना, पोलिसांची चारित्र्य पडताळणी, अंतरं दाखवणारा नकाशा. फाइल राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. जाते हे क्रियापद इथे सावकाश वाचावं. परवाना मिळालाच, तरी त्याचं आयुष्य ३१ मार्चपर्यंत; पुढे नूतनीकरणाचं चलन.

७. गिऱ्हाइकाचाही परवाना पाहा.
या राज्यात पिणाऱ्यालाही परवाना लागतो : विदेशीसाठी एका दिवसाचे ५ रुपये, वर्षाचे १००, आजन्म १,०००. बिअरला वय २१ पूर्ण हवं, व्हिस्कीला २५. टेबलावर ऑर्डर घेताना हे सगळं विचारणारा वेटर सापडल्यास त्याला सोडू नका. असा माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल.

८. ग्रामसभेपुढे मोजपट्टी खिशात ठेवा.
अक्कलकुवा, धडगाव, तळोदा आणि नवापूर हे तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६च्या पेसा कायद्याने तिथे दारूबंदीचा किंवा दारूवर निर्बंध घालण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती ठेवला आहे. शिवाय गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की मतदान लागतं. चिठ्ठीवर दोन चित्रं : उभी बाटली, आडवी बाटली. निम्म्याहून जास्त मतदारांनी आडवी निवडली, की तुमचा नकाशा, उतारा, चलन सगळंच आडवं.

इथे ७५ मीटरचा दाखला कामाला येत नाही, कारण या बायका वेगळंच अंतर मोजत असतात : मजुरी हातात पडल्यावर नवरा तुमच्या दारातून स्वतःच्या दारापर्यंत यायला किती वेळ लावतो आणि पोहोचेपर्यंत खिशात किती उरतं. नियमावलीत त्या अंतराची मर्यादा दिलेली नाही. त्यामुळे अर्जदाराने त्याचा नकाशा जोडण्याची आवश्यकता नाही.