खाटा मोजून झाल्या असतील तर…

मा. तपासणी अधिकारी साहेब यांस,


परवा आपण आमच्या पेठेतल्या दवाखान्यावर तपासणीला आलात, तेव्हा बाहेरच्या बाकावर भिंतीला टेकून बसलेली म्हातारी म्हणजे माझी आत्ती, आणि तिची पिशवी मांडीवर घेऊन बसलेला तो मी. आपलं लक्ष गेलं नसणार. आपल्या फॉर्मात पेशंटसाठी रकाना नाही, ही आपली अडचण आम्ही समजू शकतो.

तपासणी मात्र झकास झाली. आग विझवायच्या सिलिंडरवरची तारीख आपण चष्मा कपाळावर चढवून वाचलीत. पिवळी, लाल, निळी बादली बघितलीत, सुयांचा पांढरा डबा हलवून बघितलात. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावलंय का, असं विचारलंत, कारण 2021 च्या नियमांनी ते सक्तीचं आहे. सनद होती. तिच्यावर औषध कंपनीचं कॅलेंडर होतं. कंपाउंडरनं ते तत्परतेनं उचलून धरलं, आपण टिक केलीत, त्यानं कॅलेंडर सोडलं. मग आत जाऊन चार खाटा मोजल्यात. चारच भरल्या. एवढं होईतो ओपीडी बंद होती आणि तापानं फणफणलेलं एक पोर आईच्या खांद्यावर रडून रडून झोपून गेलं होतं.

खाटांवरून आठवलं. त्या चार खाटा नसत्या तर आपण आलाच नसता. आपला नर्सिंग होमचा कायदा 1949 चा. ज्याच्याकडं खाट नाही, त्याच्याकडं तो फिरकत नाही. केंद्रानं 2010 साली एकट्या डॉक्टरच्या दवाखान्यालाही लागू होईल असा कायदा केला, तो महाराष्ट्रानं अजून स्वीकारलेला नाही. इथनं, कोल्हापुरातनं, तासाभरावर कर्नाटकातलं निपाणी. तिकडं 2007 च्या कायद्यानं साध्या क्लिनिकलाही नोंदणी लागते. म्हणजे आत्तीला कायद्याच्या नजरेत यायचं असेल तर एक तर ॲडमिट व्हावं, नाही तर हद्द ओलांडावी.

बाकीच्या तक्रारी सोडून देतो. इंजेक्शन कंपाउंडर देतो, सोडा. अशक्तपणाला सलाईन लागतं, सोडा, निम्मा हट्ट आमचाच असतो. छातीवर डॉक्टरांचा स्टेथोस्कोप साडीवरूनच टेकतो, तेही सोडा.

पण साहेब, पुडी.

गेल्या महिन्यात आत्तीला चक्कर येत होती म्हणून दाखवलं. जुन्या वर्तमानपत्राच्या कागदात पुडी मिळाली. "पिवळी सकाळी, पांढरी दोन्ही वेळा, गुलाबी झोपताना." नाव नाही, चिठ्ठी नाही. रात्री दोनच्या सुमाराला आत्ती घामानं भिजली, बोलायची बंद झाली. मोठ्या दवाखान्यात नेली. तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, "काय औषध चालू आहे?" मी सांगितलं, पिवळी, पांढरी, गुलाबी. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मला आजही ती नजर चुकवावीशी वाटते. साखर एकदम खाली गेली होती. ग्लुकोज चढलं, तासाभरात आत्ती शुद्धीवर आली आणि "चहा आण" म्हणाली. गोळी साखरेची होती की आणखी कसली, कुणालाच कळलं नाही.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला ठरावीक अँटिबायोटिक विकताना डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, हे सगळं वेगळ्या वहीत लिहावं लागतं आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. डॉक्टरनं स्वतःच्या पेशंटला औषध दिलं तर दुकानाचा परवाना लागत नाही. 1945 च्या औषध नियमांतच तशी सवलत आहे. सवलत परवान्याची आहे हो! नाव लपवायची नाही. चार अक्षरं लिहायला काय धाड भरली आहे? आणि ती लिहिली जातात का, हे बघायला आपल्याला कुणी अडवलंय? सुयांचा डबा हलवून बघता येतो, मग एक पुडी उघडून बघता येत नाही?

येतं, साहेब. याच जिल्ह्यात आलं होतं. 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं इथं 839 मुली निघाल्या. पुढं लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना गर्भलिंग तपासणी रोखायला सोनोग्राफीच्या यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसले. यंत्रानं काय केलं त्याची नोंद यंत्रच ठेवू लागलं. कोल्हापूरनं मनावर घेतलं की डॉक्टरच्या खोलीत काय चालतं ते बघता येतं, ते असं.

डॉक्टरांवर माझा राग आहे, पण पेठेत रात्री दहा वाजता उघडं असलेलं तेच एक दार आहे. कोरोनात मोठमोठ्यांनी शटर ओढली तेव्हा हा माणूस प्लॅस्टिकचा पडदा लावून बसला होता. म्हणून तर आत्ती परत तिथंच आली. अशा माणसाला कुणीतरी अधिकारानं "नाव लिहा" म्हणावं लागतं. आमचं तो ऐकत नाही. आपलं ऐकेल.

ऐकलं असतं. पण तपासणी संपली, चहा आला, आणि आपण शर्टाची बाही वर केलीत. "डॉक्टर, जरा बीपी बघता का? आज तीन ठिकाणं झाली, अजून दोन आहेत." दार उघडं होतं, आकडा बाहेर ऐकू आला. चांगला नव्हता. एवढ्या दवाखान्यांना आपण एकटे, वर दिमतीला गाडी नाही, उन्हात दुचाकीवरनं हिंडणं. मला खरंच वाईट वाटलं. डॉक्टरांनी पैसे घेतले नाहीत. कंपाउंडरनं कागद फाडला, पुडी बांधली. "पांढरी सकाळी, पिवळी रात्री." तपासणीच्या फॉर्मची घडी आपण ज्या खिशात घातलीत, त्याच खिशात पुडीही गेली.

तेव्हा अहवाल नंतर लिहा. आधी डॉक्टरांना फोन करून त्या दोन्ही गोळ्यांची नावं विचारून घ्या, मिलिग्रॅमसकट. एका कागदावर लिहा आणि वहिनींना तो कुठं ठेवलाय ते सांगून ठेवा. रात्री त्यांनाही कुणीतरी विचारेल.

आपला,
बाकावरचा एक