प्रवेशिका पूर्ण

हा प्राणी पुण्यात सदाशिव पेठ, एरंडवणे आणि कोथरूड या पट्ट्यात, संध्याकाळी सहानंतर स्कूटरवर आढळतो. खांद्यावरून वायरचं भेंडोळं जानव्यासारखं आडवं गेलेलं. मागे बसलेल्या मुलीच्या मांडीवर प्रोजेक्टर, तिच्या पाठीवर की-बोर्ड, आणि पुढे पाय ठेवायच्या जागेत चक्क पाटा. वरवंटा डिकीत असतो. वय पंचवीस ते एकतीस. दाढी आहे, पण ती ठेवलेली आहे की करायची राहून गेली आहे, हे शेवटपर्यंत कळत नाही.

काय करतोस, असं याला विचारू नये. विचारलंत तर तो आधी वर बघतो, मग म्हणतो, “आवाज आणि प्रतिमा एकमेकांना जिथे भेटतात ना काका, तिथे मी असतो.” त्याच्या आईने विवाहमंडळाच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात ‘बी. ई. मेकॅनिकल (सध्या घरी)’ असं लिहिलं आहे. दोन्ही उत्तरं खरी आहेत.

तो एकटा नसतो. असे सहा जण मिळून एक ‘कलेक्टिव्ह’ होतो. ग्रुप म्हटलेलं त्यांना चालत नाही, बँड तर मुळीच नाही. बँड लग्नात असतो. कलेक्टिव्हच्या नावात एक तरी विरामचिन्ह लागतं: कंस, तिरपी रेघ, निदान अवग्रह. त्यामुळे नाव वाचता येतं पण उच्चारता येत नाही. निवेदिका “आता आपल्यासमोर येत आहेत…” इथपर्यंत येते आणि विंगेकडे बघून नुसती हसते.

मी यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. सहापैकी तिघांना चड्डीत असल्यापासून ओळखतो, त्यामुळे या कलेचा उगम मला ठाऊक आहे. लोक म्हणतात तो जर्मनीत आहे. तो सदाशिव पेठेतल्या संध्याकाळच्या क्लासेसमध्ये आहे. हा स्वतः तबल्याला जात होता. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक झाली, प्रवेशिका प्रथम झाली, प्रवेशिका पूर्ण झाली, आणि मध्यमेच्या तोंडावर दहावी आली. मागे प्रोजेक्टर घेऊन बसते ती कथकला होती. तिचे घुंगरू बारावीने सोडवले. तिसऱ्याने एलिमेंटरीत ‘ए’ ग्रेड मिळवली, इंटरमिजिएटला ‘बी’, आणि मग घरच्यांनी रंगपेटी माळ्यावर टाकून जेईईची पुस्तकं खाली काढली. चौथीला गाण्याच्या बाईंनी तिच्या आईदेखत “गळा आहे” असं सांगितलं होतं, त्या वाक्यावर ती अजून जगते आहे. पाचवा बुद्धिबळाला जायचा, म्हणून तो प्रकाशयोजना बघतो. सहावा कुठल्याच क्लासला गेला नाही. तो खाली गाड्यांमध्ये क्रिकेट खेळायचा. कुठली पिन कुठे जाते, हे सहा जणांत फक्त त्यालाच कळतं.

तेव्हा मल्टिमीडिया म्हणजे काय, तर परीक्षांनी मध्येच तोडलेल्या सगळ्या क्लासेसची बेरीज. आईबापांनी भरलेली ती फी कुठे तरी वसूल व्हायचीच होती.

पुण्यात या बेरजेला एक अधिकृत मैदानही आहे. पुरुषोत्तम करंडकाला एकांकिका लागते, म्हणजे निदान नाटक तरी यावं लागतं. फिरोदिया करंडकात गाणं, नाच, चित्र, रांगोळी, शिल्प, जादू असं ज्याला जे येत असेल ते एका गोष्टीत गुंफायचं असतं. आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजांइतका गच्च भरलेला कलावंतांचा साठा दुसरीकडे नाही. मशीन डिझाइनच्या सबमिशनला कागद मिळत नाही, पण यांच्या सेटला सबंध कॉलेजचा पुठ्ठा लागलेला असतो. चार वर्षं हे चालतं. मग डिग्री मिळते, करंडक संपतो, नोकरी लागते. आणि हिवाळा सरत आला की ऑफिसातल्या खुर्चीत बसल्या बसल्या पाय ठेका धरायला लागतो. कलेक्टिव्ह जन्मतो तो त्या खुर्चीत.

पूर्वसुरी म्हणून हे लोक ‘घाशीराम कोतवाल’चं नाव घेतात, आणि त्यात काही गैर नाही. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात ते उभं राहिलं तेव्हा तीही पोरंच होती, आणि दिवसा दुसरंच काही तरी करणारी. दिग्दर्शक जब्बार पटेल डॉक्टर, नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मनोविकारांचे डॉक्टर, सतीश आळेकर वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्रात. आमचा नायक यावर म्हणतो, “त्यांनी माणसांची भिंत केली, आम्ही भिंतीवर माणसं टाकतो.” वाक्य चांगलं आहे. फक्त त्या भिंतीला एचडीएमआयची केबल लागत नव्हती, हे तो सांगत नाही.

कलेक्टिव्हमध्ये प्रमुख कुणी नसतो. सगळे समान. पोस्टरवर सगळ्यांची नावं एकाच मापात. निर्णय सर्वानुमते, त्यामुळे बैठक रात्री नऊला बसते आणि दीडला उठते. जो आधी झोपला त्याची संमती धरतात. एकदा बैठकीत काळा पडदा की पांढरा यावर अडीच तास चर्चा झाली, वरून मला सगळं ऐकू येत होतं. मी चपला घालून वर जाणार, एवढ्यात सहावा म्हणाला, “आपल्याकडे पांढराच आहे.”

तालमीचं म्हणाल तर सोसायटीने याबाबत जी सहनशीलता दाखवली आहे तिची नोंद कुठल्याही कलेच्या इतिहासात होणार नाही. पाट्याला खालून पितळी चकतीचा कॉन्टॅक्ट माइक चिकटवून त्यावर वरवंटा फिरवला, की तिसऱ्या मजल्यापर्यंत खाण फुटल्याचा भास होतो. सेक्रेटरींनी लेखी दिलं. मग काही दिवस मुलांनी जॉन केजची १९५२ सालची रचना बसवली, ज्यात वादकाने चार मिनिटं तेहतीस सेकंद काही वाजवायचंच नसतं. सोसायटीने विनातक्रार होऊ दिलेली ती एकमेव तालीम. सेक्रेटरी तर म्हणाले, हेच मोठं करा.

आता प्रयोगाचा खर्च. देणगीदार नाही, सरकार नाही, कंपनी नाही, “आम्ही स्वतंत्र आहोत” असं हे छाती पुढे काढून सांगतात. पाटा आजीचा. पडदा म्हणजे आजीच्याच धुऊन धुऊन विरलेल्या दोन नऊवारी, जोडून शिवलेल्या. कापड असं विरलं असेल तरच मागून टाकलेली प्रतिमा पुढे नीट उतरते. शिवल्या आईने. सामान न्यायला बाबांची गाडी, आणि गाडीत बाबा, कारण त्यांच्या गाडीला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना खपत नाही. कुकरच्या शिट्ट्या, देवघरातली घंटा, आजोबांचा खोकला, सगळं रेकॉर्ड करून लॅपटॉपमध्ये भरलेलं. आजोबा जाऊन दोन वर्षं झाली, पण खोकला अजून प्रयोग करतो. घरची मंडळी बाहेर जाऊन “पोरगं काही कमवत नाही” म्हणतात आणि घरी येऊन विचारतात, “या वेळी किती मीटर लागेल?”

प्रवेशमूल्य ऐच्छिक असतं. दाराशी एक पेटी आणि एक क्यूआर कोड. पेटीत काय निघतं ते जाऊ दे.

खरी कमाई भाद्रपदात. वर्षभर ज्याला गोष्ट सांगणं मान्य नसतं, ज्याच्या मते सुरुवात-मध्य-शेवट ही प्रेक्षकावर केलेली सक्ती असते, तो गणपती जवळ आले की पेठेतल्या मंडळाच्या देखाव्यासाठी अफझलखानाचा वध ध्वनिमुद्रित करून देतो. तिथे मंडळाचे अध्यक्ष समोर बसलेले असतात.

“भाऊ, इथे जरा शांतता ठेवू या का? टेन्शन वाढेल.”

“शांतता विसर्जनानंतर. इथे वीज कडकडली पाहिजे.”

वीज कडकडते. खान गडगडाटी हसतो. तो आवाज सहाव्याचा. कथकवाली मावळ्यांना पावलं शिकवते, चित्रवाला प्रतापगड रंगवतो, गळावाली पोवाड्याचा कोरस एकटीच चार वेळा गाऊन चौघींचा करते. पैसे रोख, निम्मे आगाऊ, बैठक नाही. रस्त्यावर रात्री एक वाजता पोरांना खांद्यावर घेऊन माणसं उभी असतात, आणि वाघनखं निघाली की सगळे एकदम श्वास रोखतात. आमचा नायक गर्दीत मागे उभा राहून ते बघतो. याबद्दल तो कुणाशी बोलत नाही. माझ्या मते त्याचं सर्वांत चांगलं काम तेच आहे, आणि हे त्यालाही कळतं, म्हणून तर बोलत नाही.

मूळ प्रयोग टिळक रस्त्याजवळच्या एका छोट्या सभागृहात होता. साडेसातचा, म्हणजे आठ दहाचा. स्पीकरमधून ‘ऊँऽऽ’ असा अखंड आवाज येत होता. लॅपटॉप एका भिंतीवरच्या सॉकेटला, मिक्सर दुसऱ्या भिंतीवरच्या, दोन अर्थिंगचं आपसात जमत नाही आणि विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुण स्पीकरमध्ये शिरते. सगळं एकाच सॉकेटवरून घेतलं की ती बहुधा जाते. सहाव्याला हे ठाऊक होतं. पण निर्णय सर्वानुमते व्हायचा होता. तेवढ्यात गळावालीने कान टवकारले. पन्नास हर्ट्झ म्हणजे पांढरी पाचच्या किंचित वर. तिची पट्टी काळी चार. तिने आपला इलेक्ट्रॉनिक तानपुरा जरा उतरवला, विजेशी जुळवला आणि षड्ज लावला. वीज काही चढणार नव्हती. खरं सांगतो, लागला तो सूर सुंदर लागला.

मग अंधारात नऊवारीवर कैऱ्या उमटल्या आणि आजीचा आवाज आला. आजीला वाटलं होतं नातू लोणच्याची कृती लिहून घेतो आहे, म्हणून तिने मन लावून सांगितली होती. नातवाने ती निम्म्या वेगाने केली, विहिरीतून यावी तशी घुमवली आणि शब्द तोडून सात मात्रांच्या रूपकात बसवले. “फोडी… फोडी… पुसून… कोरड्या… मोहरी… हळद… हिंग…” कथकवाली त्यावर गिरक्या घेत होती. तिसऱ्या आवर्तनाला पहिल्या रांगेतून खडा आवाज आला.

“अरे, मीठ कुठंय?”

सभागृह स्तब्ध. आजी उभीच राहिली होती.

“मीठ सांगितलं होतं मी. मिठाशिवाय घालाल तर चार दिवसांत बुरा येईल. आणि मी काय एवढी रडत बोलते?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. विजेच्या कडकडाटापेक्षा मोठा. नायकाने अंधारातून हळूच सांगितलं, “आजी, मीठ रूपकात बसत नव्हतं गं.” त्यालाही टाळ्या.

नंतर चर्चा. पुण्यात प्रयोग चाळीस मिनिटांचा असला तर चर्चा तासाची असते. एक निवृत्त गृहस्थ उठले. त्यांना प्रश्न विचारायचा होता, पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी द्यायची होती. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ केली होती: काचांवर हाताने रंगवलेली चित्रं, कंदिलातून पडद्यावर मोठी होऊन हलायची, सोबत निवेदन आणि गाणं. सिनेमा यायच्या आधी. आणि कुडाळजवळ पिंगुळीचे ठाकर चित्रकथी तर त्याच्याही कितीतरी आधीपासून, चित्रांच्या पोथ्या मांडून, एकेक चित्र दाखवत, वाद्यांच्या साथीत रामायण गातच आले आहेत. “तेव्हा माझा प्रश्न असा,” गृहस्थ म्हणाले आणि खाली बसले. प्रश्न आलाच नाही. मला वाटलं पोरगं खट्टू होईल. ते वहीत लिहून घेत होतं. पुढच्या महिन्यात बाबांनी गाडी काढली आणि सहाही जण पिंगुळीला जाऊन आले. येताना प्रत्येकाच्या घरी कोकम आलं. माझ्याही.

आता गोव्यातल्या एका महोत्सवाला अर्ज केला आहे. तो इंग्रजीत आहे. त्यात आजीचा उल्लेख ‘ज्येष्ठ सहयोगी कलाकार’ अशा अर्थाचा आहे आणि मानधनाच्या तक्त्यात तिचं नाव पहिलं आहे. ही अट तिचीच. ती आता तालमीला बसते. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, “तुमच्यात मुख्य कोण रे?”

“कुणीच नाही, आजी. सगळे सारखे.”

“बरं झालं,” असं म्हणून तिने खुर्ची ओढून घेतली. गळावालीला पाणी पिऊन यायला सांगितलं, चित्रवाल्याला कैरीचा रंग चुकलाय म्हणाली, आणि सहाव्याला विचारलं, “हा आवाज कसला येतोय, बंद का करत नाहीस?” सहाव्याने सगळ्या पिना काढून एका बोर्डावर लावल्या. गुणगुण थांबली. बैठक साडेनऊला संपली.

मीठ मात्र घालावंच लागलं. ‘मीठ, जरा सढळ’ एवढं वाक्य आहे, त्यातला ‘जरा’ काढायला आजी तयार नाही. त्यामुळे ताल सातावरून साडेआठ मात्रांवर गेला आहे. कथकवालीची सम दर वेळी निसटते, आणि आमचा प्रवेशिका पूर्ण गेले आठ दिवस माझ्या डोक्यावर पाटा बडवत ती दीड मात्रा शोधतो आहे. काल सेक्रेटरी वर गेले होते तक्रार करायला. तासाभराने खाली आले. लोणच्याची वाटी हातात होती, आणि ते बोटांवर काही तरी मोजत होते.