मा. खड्डा क्रमांक ३ यांस अनावृत पत्र

मा. खड्डा क्रमांक ३,
डी विंगच्या मागे, पार्किंग.

सा. न. वि. वि.

आपला मुक्काम जमिनीखाली, त्यामुळे वरच्या बातम्या आपल्यापर्यंत पोचल्या नसतील. सोसायटीत विजेवरच्या गाड्यांसाठी सहा चार्जर बसले आणि त्यांच्या सुरक्षिततेची सगळी जबाबदारी एकमताने आपल्यावर सोपवण्यात आली. आपल्याला कुणी विचारलं नाही हे खरं. पण आमच्याकडे सेक्रेटरीही असाच निवडतात.

अर्थिंगचा खड्डा म्हणून आपली स्थापना थाटात झाली होती. कोळसा, मीठ, मधोमध जीआय पाइप, वर सिमेंटचं झाकण. खंडेनवमीला हळदकुंकूही वाहिलं. पाणी घालायचं मात्र त्यानंतर कुणाला सुचलं नाही. सध्या झाकणावर वॉचमनची खुर्ची असते.

लोकांची आपल्यावर श्रद्धा मोठी. चार्जरमध्ये बिघाड होऊन फेज गाडीच्या पत्र्याला लागली, तर वीज हिरव्या तारेतून थेट आपल्याकडे येईल आणि अगस्तींनी समुद्र प्यावा तशी आपण ती पिऊन टाकाल, असा पक्का समज आहे. पण विजेला पाताळाची ओढ नसते. तिला परत जायचं असतं ते माहेरी, ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला. आपण म्हणजे तिच्या वाटेतला खाचखळग्यांचा रस्ता.

हिशेब सोपा आहे. आपला रोध ५ ओहम धरू (उन्हाळ्यातली आपली तब्येत पाहता हा आपला सन्मानच). ट्रान्सफॉर्मरकडच्या अर्थिंगचाही तेवढाच. २३० व्होल्टना १० ओहमने भागलं की आले २३ अँपिअर. चार्जरचा एमसीबी ३२ अँपिअरचा. त्याला वाटणार, कुणाची तरी गाडी निवांत चार्ज होतेय. तो ढिम्म हलणार नाही, आणि गाडीच्या पत्र्यावर ११५ व्होल्ट दबा धरून बसतील. पावसात भिजलेल्या स्लिपरा घालून जो दाराच्या मुठीला हात लावेल, त्याची आणि आपली गाठ.

आता आपल्याऐवजी चार्जरपासून ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपर्यंत सरळ तांब्याची तार असती तर? जाण्यायेण्याचा सगळा फेरा अर्ध्या ओहमचा धरला, तर ४६० अँपिअर धावतील. सी वर्गातला तोच एमसीबी दहापटीला, म्हणजे ३२० अँपिअरला, पापणी लवायच्या आत पडतोच पडतो.

ब्रिटनमध्ये मात्र आपल्या जातभाईंना खरंच काम असतं. तिथे बऱ्याच घरांना रस्त्यावरून येणाऱ्या केबलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग एकाच तारेत येतात. ती तार वाटेत तुटली, तर अंगणातल्या गाडीच्या पत्र्यावर वीज चढू शकते. म्हणून त्यांची वायरिंगची नियमावली, बीएस ७६७१, घराबाहेरच्या चार्जरला ते अर्थिंग सरसकट जोडू देत नाही. मग कुणी वेगळा इलेक्ट्रोड ठोकतो, कुणी तार तुटल्याचं ओळखून वीज तोडणारं यंत्र बसवतो. स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असणारा मात्र यातून सुटू शकतो: न्यूट्रल आणि अर्थिंग एकाच ठिकाणी जोडायचं आणि तिथून पुढे दोन्ही तारा वेगळ्या न्यायच्या.

आम्ही असेच भाग्यवंत. ११ केव्ही घेतो, ४३३ व्होल्ट करतो. ट्रान्सफॉर्मर आमचा, पॅनेल आमचं, बोट दाखवायला दुसरं कुणी नाही. ट्रान्सफॉर्मर चार्जरपासून साठ पावलांवर आहे. तरी आम्ही आपल्याला खणलं, कारण खड्ड्याला नारळ फोडता येतो, तारेला नाही.

एक जागल्या होता: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. आपली तब्येत कशीही असती, तरी २३ अँपिअर कुठल्या कुठे निघाले हे पाहून त्याने क्षणात वीज तोडली असती. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या नियमांनुसार चार्जरला तो लागतोच, आणि तोही किमान ‘ए’ प्रकारचा. पण पावसाळ्यात तो सारखा पडायचा. जागल्या रात्री ओरडतो म्हणून आम्ही चोर शोधला नाही, त्याचं तोंड बांधलं. वायरमनने त्याला वगळून सरळ जोडणी करून दिली. तेव्हापासून तक्रार नाही.

आपण राजीनामा द्यावा असं माझं म्हणणं नाही. खड्डा क्रमांक १ आणि २ ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला जमिनीशी बांधून ठेवतात. त्याला दोन स्वतंत्र अर्थिंग असावीत असा नियमच आहे. आपणही त्यांना तारेने जोडून घ्या आणि त्यांच्या पंगतीला बसा. फक्त ते अगस्तीपद तेवढं सोडा.

कमिटीला हे मी दोनदा सांगून पाहिलं. ‘तुमच्याकडे कुठे गाडी आहे?’ असं उत्तर मिळालं. खरं आहे, नाही. मी फक्त दळणाचा डबा घेऊन त्या गाड्यांना घासून रोज जातो.

आपला,
डी विंगमधला पादचारी

ता. क. उद्या सकाळी आपल्यासाठी बादलीभर पाणी आणतो. वॉचमनला तेवढं उठायला सांगा.