पानात टाकायचं नाही

आपल्याकडे कुणी दारू पीत नाही. आपल्याकडे 'बसतात'. 'शनिवारी बसू या का?' एवढं विचारलं की कुठे, कोण कोण आणि घरी काय सांगायचं, हे सगळं त्यात आलं. त्यामुळे सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी ब्रुसेल्सच्या ग्राँ प्लास चौकात बिअरच्या उत्सवाला पोचल्यावर आमची पहिली पंचाईत ही झाली, की बसायला जागाच नव्हती. चौकभर तंबू, तंबूंत नळ, नळांपुढे रांगा आणि जिकडे तिकडे उभ्याउभ्या पिणारी माणसं. "उभ्याने पाणीसुद्धा पिऊ नये म्हणतात," डॉक्टर म्हणाला. "मग पाणी नको पिऊस," वकील म्हणाला आणि रांगेत घुसला.

आम्ही चौघं एका शाळेतले, एका बाकावरचे. एक डॉक्टर झाला, एक वकील, एक इंजिनिअर. मी बँकेत कॅशियर होतो, एकतीस वर्षं. इंजिनिअर अठरा वर्षांपूर्वी लुव्हनला गेला आणि तिथलाच झाला. त्याच्याकडे आम्ही तिघं निवृत्तीनंतरच्या पहिल्या मोठ्या सहलीला गेलो होतो. मुक्काम गणपतीत आला होता. त्याच्या घरी दीड दिवसाचा गणपती. विसर्जन घरातच, बादलीत. शनिवारचा बेत पक्का करण्यापूर्वी वकिलाने रीतसर चौकशी केली, "मूर्ती विरघळली ना पूर्ण? नाहीतर मनाला लागून राहतं."

निघताना वहिनींनी दारातून सांगितलं, "भावजी, ही आपल्याकडची बिअर नव्हे हं. चाखायला चाललाय, चाखूनच या."

सगळी गडबड या 'चाखण्या'त होती. आपल्याला चाखायची सवय आहे ती आमटीत मीठ आहे की नाही बघण्यापुरती. तळहातावर दोन थेंब आणि पलीतली उरलेली आमटी परत पातेल्यात. त्यापलीकडे जे समोर येईल ते संपवायचं, ही आमची शिकवण. आईने पानात काही टाकू दिलं नाही. कारल्याची भाजी, मेथीचे देठ, शेवटच्या भातातला लिंबाचा तुकडासुद्धा. पान स्वच्छ झाल्याशिवाय उठायचं नाही. पन्नास वर्षांनी त्या वळणाची परीक्षा ग्राँ प्लासमध्ये होईल, असं तिला बिचारीला वाटलं नसणार.

तिथे रोख पैसे चालत नाहीत. आधी खिडकीवर जाऊन बाटलीच्या झाकणांसारखी टोकनं घ्यायची, पेल्यासाठी अनामत ठेवायची आणि मग नळापुढे टोकनं मोजायची. इतर दोघं वैतागले, पण मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. माझी पहिली दहा वर्षं पितळी टोकनांतच गेली. चेक दिला की टोकन, टोकन दिलं की पैसे. आणि संध्याकाळी एक टोकन कमी भरलं तर काउंटरखाली रांगत शोधायचं. साहजिकच खजिना माझ्याकडे आला. मी टोकनं दहा-दहाच्या चळतीत लावली, दोनदा मोजली आणि मागच्या खिशात न ठेवता पुढच्या खिशात ठेवली. मागे उभ्या असलेल्या बाईंनी माझ्याकडे फार आदराने पाहिलं. किंवा कंटाळून.

सुरुवात पांढऱ्या बिअरने. गहू घालून केलेली, गढूळ, फिकी पिवळी. इंजिनिअरने माहिती दिली की हूगार्डन गावातली या प्रकारची शेवटची भट्टी 1957 साली बंद पडली होती. पुढे पिएर सेलिस नावाच्या गावकऱ्याने, जो एकेकाळी दूध घालायचा, साठच्या दशकात ती पुन्हा सुरू केली. हिच्यात धने आणि संत्र्याची वाळवलेली साल असते.

"काय असतं?" वकिलाने पेला खाली आणला.

"धने."

"म्हणजे उन्हाळी लागल्यावर आई देते ते धन्याचं पाणी."

"तेच. फक्त हे प्यायल्यावर उन्हाळी लागते," डॉक्टर म्हणाला. त्याने औषध म्हणून ती संपवली. आम्ही दूधवाल्याच्या मानासाठी संपवली. आमच्याच उंच टेबलाशी एक तरुण जोडपं उभं होतं. दोघांनी आपापल्या पेल्यातली अर्धी बिअर प्यायली, एकमेकांशी काही बोलले, वहीत काही टिपलं आणि उरलेली तशीच ठेवून पुढच्या तंबूकडे गेले. आम्ही चौघं त्या दोन अर्ध्या पेल्यांकडे बघत राहिलो. लग्नाच्या पंगतीत कुणी अख्खी जिलबी पानात टाकून उठलं की जसं होतं तसं झालं. "आंतरजातीय असेल," वकील पुटपुटला. याचा अर्थ काय ते मी त्याला अजून विचारलेलं नाही.

मग लँबिक. हिची दीक्षा आम्ही आदल्याच दिवशी घेतली होती, आंदरलेख्तमधल्या काँतियों या भट्टीत. 1900 सालची भट्टी. आत संग्रहालयही आहे आणि बिअरही होते. एरवी बिअर करणारा माणूस स्वच्छतेच्या मागे हात धुऊन लागलेला असतो आणि यीस्ट स्वतः मोजून घालतो. लँबिकवाला यीस्ट घालतच नाही. उकळता अर्क माळ्यावरच्या तांब्याच्या उथळ, परातीसारख्या हौदात रात्रभर उघडा ठेवतो. झरोक्यांतून जी हवा येईल तिच्यातले जंतू येऊन तो आंबवतात. म्हणून हे काम थंडीच्या दिवसांतच चालतं, उन्हाळ्यात भलतेच पाहुणे यायचे. मग लाकडी पिंपांत वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. तिन्ही वयांची एकत्र करून बाटलीत भरली की तिला 'ग्यूझ' म्हणतात. मला हे लगेच पटलं. नवं लोणचं संपता संपता त्यात तळाचा जुना खार घालणाऱ्या घरातला मी.

पण तिथे माझं लक्ष खिळलं ते छताकडे. पिंपांच्या वर, तुळयांना, कोपऱ्यांत जळमटंच जळमटं. इंजिनिअर म्हणाला, ती मुद्दाम ठेवतात. पिंपांकडे येणाऱ्या चिलटांना कोळी पकडतात, म्हणून कोळ्यांना हात लावायचा नाही. गणपतीच्या आधी आठ दिवस काठीला झाडू बांधून स्टुलावर चढवला जाणारा मी माणूस. मी चारही बाजूंनी फोटो काढले आणि तिथूनच घरी पाठवले, खाली लिहिलं, 'इथे शंभर वर्षं असंच आहे.' उत्तर आलं, 'मग तिथेच राहा.'

तर ग्यूझ. पहिल्या घोटाला चेहरा आपोआप आक्रसतो. आंबट म्हणजे किती आंबट? वकिलाच्या मते चार दिवसांचं ताक, ज्यात कुणी हिरवी सफरचंदं धुतली आहेत. डॉक्टरला तबेल्याचा वास आला आणि गंमत म्हणजे जाणकारही तिची तारीफ करताना घोड्याच्या घोंगडीचीच उपमा देतात. दुसऱ्या घोटाला चेहरा निम्मा आक्रसतो. तिसऱ्या घोटाला वाटतं, कैरीचं पन्हं मोठं होऊन शिकायला परदेशी गेलं असतं, तर असंच झालं असतं. मला ती आवडली. बाकीच्या तिघांना आवडली नाही. पण म्हणून टाकायची कशी? मोजून टोकनं दिली होती. तीन पेले सरकत सरकत माझ्यापुढे आले. शाळेत डब्यातली कारली अशीच माझ्याकडे सरकायची.

इथपर्यंत आम्ही पाच टक्क्यांच्या आसपास होतो. धोका पुढे होता आणि तो झगा घालून आला.

ट्रॅपिस्ट म्हणजे मठातल्या साधूंच्या देखरेखीखाली होणारी बिअर. बेल्जियममध्ये हा मान आता पाच मठांकडे आहे: वेस्टमाल, वेस्टव्लेटरेन, शिमे, ऑर्वाल आणि रोशफॉर. आपल्याकडे माळ घातली की बंद होते, तिकडे दीक्षा घेतली की सुरू. वेस्टव्लेटरेनचे साधू तर वर्षानुवर्षं बाटलीवर लेबलसुद्धा लावत नव्हते. सगळा तपशील झाकणावरच, आणि बिअर न्यायला आधी नोंदणी करून मठाच्या दारात जावं लागायचं. असा विरक्त विक्रेता मी तुळशीबागेत पाहिलेला नाही.

ऑर्वालच्या बोधचिन्हात एक मासा आहे, तोंडात अंगठी धरलेला. माटिल्डा नावाच्या राजघराण्यातल्या विधवेची लग्नाची अंगठी तिथल्या झऱ्यात पडली, तिने प्रार्थना केली, मासा अंगठी घेऊन वर आला, तिने मठ बांधायला मदत केली, अशी आख्यायिका. "ही आपल्या शकुंतलेची स्टोरी!" वकील ओरडला. "आपल्याकडे मासा कोळ्याने कापला, यांच्याकडे जिवंत सोडला, एवढाच फरक. दावा ठोकायला हवा." दाव्याचा मसुदा ऑर्वाल संपेपर्यंत तयार झाला. वेस्टमालची ट्रिपेल संपेपर्यंत त्यात दुर्वासांना साक्षीदार केलं गेलं. ट्रिपेल साडेनऊ टक्के असते. आपल्याकडे ज्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'स्ट्राँग' लिहितात ती बिअर हिच्यापुढे लिंबूसरबत. आणि ही दिसायला सोनेरी, वास फुलांचा, चव किंचित गोड. अशी सालस मुलगी घरात यावी आणि चार दिवसांत किल्ल्या तिच्या कमरेला दिसाव्यात, तसा तिचा कारभार.

रोशफॉर 10 नावाची जी काळी बिअर आहे तिच्यात 11.3 टक्के असतात. वहिनींचे शब्द मला तेव्हा आठवले. मी इंजिनिअरला म्हटलं, "ही दोन घोट घेऊन ठेवू." त्याने मान डोलावली. दोन घोट घेतले. काळा गूळ, खजूर, अंजीर, तळाशी थोडी करपलेली साय. पेला खाली ठेवला. पेल्यात तीन चतुर्थांश शिल्लक. चौघं गप्प. कुणीच कुणाकडे बघेना. शेवटी डॉक्टरने खिशातून पुण्याहून आणलेल्या भडंगाची पिशवी काढली आणि म्हणाला, "नुसतं भडंग कोरडं लागतं."

तिथे चकणा म्हणून चीजचे चौकोनी तुकडे मिळतात, मोहरीच्या चटणीबरोबर. वाईट नाहीत. पण शेजारी उभ्या असलेल्या एका पांढऱ्या मिशीच्या आजोबांना डॉक्टरने भडंग दिलं, तेव्हा त्यांनी आधी एक दाणा खाल्ला, मग मूठभर आणि मग आपल्या पेल्यातली बिअर वास घेऊन, जिभेवर फिरवून, डोळे मिटून प्यायली. ते फ्लेमिशमध्ये काहीतरी म्हणाले. इंजिनिअरने भाषांतर केलं: "म्हणतात, भडंगासाठी वेगळा ग्लास लागेल." हे त्यांनी गंभीरपणे म्हटलं होतं. त्या देशात प्रत्येक बिअरला तिचा स्वतःचा पेला असतो. एकीला कमळासारखा, एकीला चंबूसारखा आणि क्वाक नावाच्या बिअरच्या पेल्याचं तर बूडच गोल, म्हणून तो लाकडी स्टँडमध्ये अडकवून देतात. हसू नये. आपणही ताक वाटीत दिलं तर नाक मुरडतोच.

एवढ्यात मिरवणूक आली. जुन्या गाड्या, पिंपं, हत्तीच्या पायाचे घोडे आणि बँड. गणपतीचे दिवस, समोर मिरवणूक, मागे वाद्यं. आमचे पाय आपोआप हलू लागले. इंजिनिअर घाईघाईने सांगत होता की उत्सवाची सुरुवात आदल्या दिवशी चर्चमध्ये बिअरला आशीर्वाद देऊन होते. यांचा संत अर्नोल्ड अकराव्या शतकातला, रोगराईत लोकांना पाणी सोडून बिअर प्या म्हणून सांगणारा. यावर वकील थांबला. "यात नवीन काय? महाराष्ट्रात पिण्याचा परवाना कशासाठी देतात माहीत आहे? आरोग्य राखण्यासाठी! तसं कायद्यात लिहिलंय. 1949 चा कायदा." त्याने खरोखरच पाकिटातून आपला परवाना काढला आणि घोडेवाल्याला दाखवला. घोडेवाल्याने सलाम केला.

मला आता थोडं बाजूला टेकावंसं वाटलं. नगरभवनाकडे पाहिलं आणि पोटात धस्स झालं. 96 मीटर उंच मनोरा इमारतीच्या मध्यावर नव्हता. सरकला होता. मी एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. डावी बाजू लांब, उजवी आखूड. "डॉक्टर," मी हळूच म्हटलं, "मला मनोरा सरकलेला दिसतोय." डॉक्टरने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने माझी नाडी धरली, मग स्वतःची. वकिलाने परवाना खिशात घातला. इंजिनिअर पोट धरून हसत होता. तो मनोरा खरोखरच मध्यावर नाही. पंधराव्या शतकापासून नाही.

तेवढ्याने आमचा मान वाचला, पण मूत्राशयं वाचली नाहीत. त्या शहरात शौचालयाला पैसे लागतात आणि त्या दिवशी रांगही होती. चौकापासून चार पावलांवर मानेकन पिस, म्हणजे तो प्रसिद्ध शू करणारा पोरगा: जेमतेम दोन वितींपेक्षा मोठा, 1619 सालापासून तेच काम, आणि नेसवायला हजारावर पोशाख. सगळं जग त्याचे फोटो काढत होतं. आम्ही चौघं सज्जन पाय आवळून उभे होतो आणि तो एकटा बिनरांगेचा, बिनपैशाचा, चारशे वर्षं मोकळा होत होता.

परतीच्या गाडीत मी हिशेब लावला. पेले परत, अनामत परत. टोकनांत एक जास्त भरलं. एकतीस वर्षांत कधी कमी पडलं असेल, जास्त पहिल्यांदाच. वहिनींनी दार उघडलं, आमच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "चाखलीत?" डॉक्टर म्हणाला, "पानात काही टाकलं नाही, वहिनी." त्यांनी रात्री चौघांना धन्याचं पाणी दिलं.

ते टोकन अजून माझ्याकडे आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला कुणी ब्रुसेल्सला जाणार असेल तर जरूर घेऊन जावं. मी घरपोच देईन. एका टोकनात अख्खा पेला येत नाही, उरलेली तुम्हाला घालावी लागतील.