तुमचा देश आम्ही ओळखला आहे

पाकिटावर नुसतं ‘नेर’ लिहून ते पेटीत टाकणारा माणूस टपाल खात्याची परीक्षा पाहत असतो. एक नेर धुळ्याजवळ पांझरेकाठी आहे, एक साताऱ्याच्या खटाव तालुक्यात आपल्या तलावासकट आहे, एक जालना जिल्ह्यात आहे. अंमळनेर, जामनेर, पारनेर, संगमनेर, पिंपळनेर ही मंडळी आणखी वेगळी. म्हणून अमरावतीहून यवतमाळला जाताना लागतं त्या तालुक्याच्या नेरपुढे ‘परसोपंत’ जोडलेलं आहे. नगर परिषदेचं मात्र तेवढ्यानं भागलेलं दिसत नाही. तिच्या नावात ‘नेर-नबाबपूर’ आहे. गाव एक, पत्ते दोन, दोन्ही बरोबर, आणि कुठलाही घेतला तरी माणूस उतरतो त्याच बसस्टँडवर. वऱ्हाडाला ही विद्या जुनीच. चांदूर रेल्वे, चांदूर बाजार, धामणगाव रेल्वे, नांदगाव खंडेश्वर, अंजनगाव सुर्जी: नावामागे शेपूट लावा आणि घोळ मिटवा. इंटरनेटवरच्या डोमेनचा सिद्धांतही एवढाच आहे. डॉट इन, डॉट एई, डॉट एयू हे तिकडचे परसोपंत. फरक इतकाच की आपले परसोपंत पत्ता सांगून गप्प बसतात. तिकडचे वाटसरूचं मनगट धरतात.

हा मनगट धरण्याचा प्रकार म्हणजे देश पाहून केलेलं रिडायरेक्ट. समजा, नेरचा एक मुलगा न्यू जर्सीत नोकरीला आहे आणि दिवाळीला त्याला नेरमधल्या आईकडे मिक्सर पाठवायचा आहे. तो दुकानाची भारतातली वेबसाइट उघडतो. वेबसाइट प्रसन्न होऊन सांगते, ‘तुमचा देश आम्ही ओळखला आहे’, आणि त्याला अमेरिकी दुकानात नेऊन सोडते. तिथे भाव डॉलरमध्ये, मिक्सर तिकडच्या १२० व्होल्टवर चालणारा आणि पोच न्यू जर्सीत. तो मागे येतो, ती पुन्हा पुढे ढकलते. आई कुठे आहे हे कुणी विचारलेलंच नसतं. माझं म्हणणं असं की रिडायरेक्टच्या दोन जाती वेगळ्या ओळखायला हव्यात. दुकानानं स्वतःचा पत्ता बदलला असेल, तर जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्यावर पोचवणं हे त्याचं कर्तव्यच आहे. त्यासाठी ३०१ हा ‘कायमचा’ आणि ३०२ हा ‘तात्पुरता’ असे रीतसर आकडे आहेत. बॉम्बेचं मुंबई १९९५ साली झालं, हायकोर्ट मात्र जुन्याच नावावर बसलेलं आहे. तरी जुन्या नावानं विचारणाऱ्यालाही मुंबई सापडते. पण इथे पत्ता बदलला नसताना, गिऱ्हाइकाचं तोंड पाहून त्याला दुसऱ्या देशात काढणं हा शुद्ध आगाऊपणा. एसटीत यवतमाळचं तिकीट मागणाऱ्याला कंडक्टर ‘तुम्ही दिसता दिग्रसचे’ म्हणून दिग्रसला उतरवत नाही.

आगाऊपणा निदान अचूक असता तर सोसला असता. तो अचूकही नाही. शेपटावरून देश कळावा, तर डॉट टीव्ही ही तुवालू नावाच्या चिमुकल्या बेटराष्ट्राची मालमत्ता, आणि तिच्यावर जगभरचे चित्रवाणीवाले नांदतात. डॉट एआय हे अँग्विला बेटाचं, पण तिथे गर्दी कृत्रिम बुद्धिमत्तेची. सोव्हिएत संघ १९९१ साली संपला. त्याचं डॉट एसयू हे शेपूट त्यानंतरही वळवळत राहिलं. शेपूट नाही तर निदान गिऱ्हाइकाचा आयपी पत्ता? त्याची गोष्ट आणखी सुरस आहे. मॅक्समाइंड या कंपनीच्या यादीत ज्या अमेरिकी आयपी पत्त्यांचा नेमका ठावठिकाणा लागत नसे, ते सगळे देशाच्या साधारण मध्यावरच्या एका बिंदूवर टाकलेले असत. तो बिंदू निघाला कॅन्ससमधल्या पॉटविन गावाजवळच्या एका शेतात. ६० कोटींहून अधिक आयपी पत्ते त्या एका शेतावर जमा झाले होते. चोरी, फसवणूक, हरवलेली माणसं, कशाचाही माग काढत पोलीस त्या शेतावर हजर होत, आणि तिथल्या कुटुंबाला हे का घडतंय ते वर्षानुवर्षं कळत नव्हतं. २०१६ साली प्रकरण उघडकीला आल्यावर कंपनीनं तो बिंदू हलवून विचिटाच्या पश्चिमेला एका तलावाच्या मधोमध नेला. अंदाज चुकणारच असेल तर निदान पाण्यात चुकू द्या, एवढं शहाणपण तिला सुचलं. आपल्याकडेही नेरात मोबाइलवर बसलेल्या माणसाला वेबसाइट खुशाल मुंबईकर ठरवू शकते, कारण आयपी पत्ता माणसाचा नसून मोबाइल कंपनीचा असतो.

याच कामाचा सभ्य नमुना आपल्याच एका मराठी माणसानं घालून दिलेला आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला पिनकोड हा श्रीराम भिकाजी वेलणकर यांचा. हे सरकारी अधिकारी संस्कृत कवीही होते, त्यामुळे थोडक्या जागेत पुष्कळ बसवण्याची त्यांना सवय असावी. सारख्या नावांची गावं, नाना लिप्या आणि त्याहून नाना अक्षरं, या सगळ्यांवर त्यांनी सहा आकडे काढले. ४४५१०२ लिहिलं की पत्र नेर परसोपंतलाच येतं. पहिला ४ पश्चिमेचा विभाग सांगतो, ४४५ यवतमाळकडे नेतो, उरलेले तीन डाकघर दाखवतात. महत्त्वाचं हे की आकडा लिहितो पाठवणारा. पत्र खडकीच्या शिक्क्याचं दिसतं म्हणून ते नेरऐवजी खडकीतच वाटून टाकू, असं कुठल्या पोस्टमनच्या मनात येत नाही. कुठून निघालं आणि कुठे जायचं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे टपाल खात्याला कळतं. वेबसाइटींना कळायचं आहे.

यावर दुकानदारांचे आक्षेप ठरलेले आहेत. पहिला, कर, किंमत आणि कायदा देशागणिक बदलतो. एकच भाव सगळ्यांना कसा दाखवायचा? दाखवू नका. पण भाव ठरतो माल जिथे पोचायचा त्या पत्त्यावर, आणि तो पत्ता गिऱ्हाईक स्वतःच देतं. कायद्याचं म्हणाल, तर युरोपीय संघानं डिसेंबर २०१८ पासून लागू केलेल्या नियमात गिऱ्हाइकाच्या स्पष्ट संमतीशिवाय त्याला दुसऱ्या देशाच्या पानावर ढकलायलाच मनाई आहे. संमती दिली तरी मूळ पान सहज सापडलं पाहिजे. आणि कायद्यानंच ढकलणं भाग पडत असेल तर कारण नीट समजावून सांगायला हवं. दुसरा आक्षेप, वर ‘आमचं अमेरिकी दुकान पाहायचंय का?’ अशी पट्टी लावली तर लोक ती वाचत नाहीत. न वाचोत! न वाचणारा माणूस जिथे यायचं होतं तिथेच राहतो; यात नुकसान कुणाचं? तिसरा आक्षेप सोयीचा: नव्वद गिऱ्हाइकांचा देश बरोबर ओळखला जातो, मग दहांसाठी सगळ्यांना का विचारायचं? कारण पट्टी नव्वदांचं एक बोट खर्च करते आणि तेही एकदाच, उत्तर लक्षात ठेवलं की झालं. ढकलणी मात्र दहांचा रस्ताच बंद करते. आणि त्या दहांत घरापासून लांब राहून घरासाठी खरेदी करणारेच जास्त, म्हणजे पैसे खर्चायला सर्वांत उत्सुक असलेले.

राहिला प्रश्न गूगलचा, कारण गिऱ्हाइकाच्या मनाची पर्वा नसलेल्यालाही गूगलच्या मनाची असते. गूगलचा पानं वाचत फिरणारा यंत्रदूत बहुतेक वेळा अमेरिकेतल्या पत्त्यावरून येतो. अमेरिकेतून आलेल्या प्रत्येकाला अमेरिकी पानावर ढकललं की तोही ढकलला जातो, आणि नेरसाठी कष्टानं लिहिलेलं मराठी पान त्याच्या नजरेसच पडत नाही. म्हणून देश ताडून आपोआप रिडायरेक्ट करू नका, असा सल्ला गूगल स्वतःच देतं. त्याऐवजी २०११ पासून ‘एचरेफलँग’ नावाची खूण आहे: कुठलं पान कुठल्या भाषेचं आणि हवं तर कुठल्या देशाचं, हे यंत्राला सांगून ठेवायचं. तिच्यात भाषा आधी येते आणि देश ऐच्छिक असतो. नुसतं ‘एमआर’ लिहिलं की झालं, मराठी, मग वाचणारा नेरात असो की न्यू जर्सीत. तेव्हा दुकानदारांनी डोमेन हवी तितकी घ्यावीत, प्रत्येक देशाचं एकेक शेपूट जपावं. पण पट्टीवर पहिलं बटण ‘नको, मी इथेच बरा’ हे ठेवावं, आणि ते ‘हो’ इतक्याच मोठ्या अक्षरात.