युरियाची पाठराखीण

निफाड-दिंडोरीकडच्या कुठल्याही मोठ्या कृषी सेवा केंद्रात शिरा. एका अंगाला हार्डवेअर: ठिबकच्या नळ्यांची बंडलं, जॉइनर, ग्रोमेट, एल्बो, फूटव्हॉल्व्ह, छाटणीच्या कात्र्या, मांडवाची तार. दुसऱ्या अंगाला औषधं. गिऱ्हाईक तेच, पण चार पावलं चाललं की माणूस बदलतो.

हार्डवेअरकडे तो साक्षात परीक्षक असतो. कात्रीची आधी उघडझाप, मग पात्यावरून अंगठा, मग स्प्रिंग दाबून बघणं. एल्बो उजेडाकडे धरून त्याच्या आत डोकावणं. नोझलचं वायसर नखाने खरवडून ‘हे रबर नाही, प्लास्टिक आहे’ असा निकाल. पोऱ्याला माळ्यावर चढवून जुन्या कंपनीचा माल काढायला लावील, पाच रुपये कमी करून घेईल आणि वर विचारील, ‘फिट नाही बसलं तर परत घ्याल ना?’

आता औषधाच्या काउंटरला या. मोबाइल पुढे होतो. त्यात द्राक्षाचं एक पान, तेही हललेलं. ‘शेठ, काय झालंय बघा.’ शेठ दोन बोटांनी पान मोठं करतात. ‘डावणी. हे मारा. सोबत स्टिकर घ्या. आणि टॉनिक टाका थोडं, काळोखी येईल.’ तीन बाटल्या, एक चिठ्ठी, काही हजारांचा आकडा. ‘खात्यावर मांडा.’ बाटली उलटून कोणी बघत नाही. त्यावरचा त्रिकोण लाल आहे की पिवळा, म्हणजे आतलं विष किती जहाल, हेही नाही. वायसरची हमी मागणारा इथे मान डोलावतो.

का नाही डोलावणार? पैसे द्राक्षं गेल्यावर द्यायचे असतात. उधारीवाल्याने प्रश्न विचारू नयेत, हा बाजाराचा जुना शिरस्ता. शिवाय विचारायचं तरी कोणाला? कृषी सहायकाचं पदनाम 2025 मध्ये ‘सहायक कृषी अधिकारी’ झालं. हद्दीतली गावं मात्र पदनामाने कमी होत नाहीत. शेठ निदान सकाळी आठला शटर उघडतात.

खताचा प्रकार आणखी गमतीचा. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना, हा सरकारी भाव. पण ऐन हंगामात ती एकटी क्वचितच निघते. लग्नात नवरीबरोबर पाठराखीण यावी तशी तिच्यासोबत विद्राव्य खताची एक पिशवी किंवा सूक्ष्म अन्नद्रव्यांचा डबा येतो. याला बाजारात ‘लिंकिंग’ म्हणतात. कायद्याने ते चालत नाही. दुकानदार म्हणतो, कंपनी माझ्या गळ्यात मारते, मी तुमच्या मारतो. अंगठा लावल्यावर यंत्रातून पावती निघते तिच्यावर युरिया असतो, पाठराखीण नसते.

आणि टॉनिक! फुगवणीचं वेगळं, रंगाचं वेगळं, ‘मुळी चालण्याचं’ वेगळं. या बाटल्या खत नियंत्रण आदेशाखाली आल्या त्या 2021 मध्ये. हा आदेश 1985 चा. म्हणजे मधली 36 वर्षं ‘काळोखी’ला कायदाच नव्हता, विश्वास होता.

विश्वासाची किंमत नाशिकला ठाऊक आहे. 2010 मध्ये युरोपात गेलेली आपली द्राक्षं क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे अडकली. शेंड्याची वाढ रोखायला बागांत सर्रास वापरलं जाणारं हे रसायन. माल तिकडे तपासला गेला तेव्हा इकडचा बागायतदार पहिल्यांदा त्याचं पूर्ण नाव वाचत होता.

सप्टेंबर 2025 पासून ठिबकवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. रासायनिक कीटकनाशकं 18 वरच राहिली. त्यामुळे काउंटरवरचं लाडकं वाक्य अजून शाबूत आहे: ‘बिल करू की तसंच देऊ?’ आपण ‘तसंच’ म्हणतो आणि 18 टक्के वाचवल्याच्या आनंदात घरी येतो.

तेव्हा बागायतदारहो, जी पारखी नजर वायसरला लावता ती जरा पुढच्या काउंटरवरही न्या. औषधाची मुदत बघा. पक्कं बिल घ्या, त्यावर लॉट नंबर लिहून घ्या, आणि बियाण्याची रिकामी पिशवी टॅगसकट पीक निघेपर्यंत जपा. बियाणं फसल्यावर तालुक्याची तक्रार निवारण समिती बांधावर येते, तेव्हा आधी ते बिलच मागते.