हायफन-मायनस यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. हायफन-मायनस,
मुक्काम कीबोर्ड, शून्याच्या उजवीकडची कळ.

विषय : मुक्त सॉफ्टवेअरच्या दस्तऐवजांत परस्पर वेश बदलल्याबाबत.

महोदय,

टाइपरायटरवर जागा कमी असल्याने जोडरेघ, वजाचे चिन्ह आणि डॅश अशी तिन्ही कामे एकाच कळीकडे असत. १९६३ च्या आस्की संकेतप्रणालीनेही हा अतिरिक्त कार्यभार कायम ठेवला. पुढे यूनिकोडने खरा हायफन, खरा मायनस आणि लहानमोठे डॅश यांना स्वतंत्र जागा दिल्या. जुन्या चिन्हाचे मात्र हायफन-मायनस असे जोडनाव करून त्याला आहे तिथेच राहू दिले. टर्मिनलवर कमांडचा पर्याय याच चिन्हाने सुरू होतो. इतर कोणतीही रेघ, कितीही सुबक असली तरी, तिथे चालत नाही.

तक्रार इथूनच सुरू होते. पायथनच्या दस्तऐवजांसाठी २००८ साली आलेले स्फिंक्स हे साधन आता लिनक्स कर्नलसह असंख्य प्रकल्पांत वापरले जाते. साध्या मजकुरात लागोपाठ दोन हायफन दिसले की ते त्यांचा एक एन डॅश करते, तीन दिसले की एम डॅश. ही सोय मूळ मांडणीतच चालू असते. गद्यासाठी ती उत्तमच. पण ‘--हेल्प’ हा पर्याय वाक्यात उघडा लिहिला, तर तयार झालेल्या पानावर दोन रेघांची एक रेघ होते. वाचक ती उचलून टर्मिनलवर चिकटवतो आणि प्रोग्रॅम तिला पर्याय न समजता फाइलचे नाव समजतो.

बहुतेक वेळा यातून ‘अशी फाइल नाही’ एवढाच संदेश मिळतो. फाइल पुसणाऱ्या आरएम या कमांडच्या बाबतीत मात्र प्रकरण गंभीर आहे. ‘--इंटरॅक्टिव्ह’ हा पर्याय दिला तर ती पुसण्यापूर्वी विचारते. त्यातल्या दोन हायफनांच्या जागी एन डॅश आला, तर त्या नावाची फाइल सापडत नसल्याची तक्रार ती करते आणि पुढे लिहिलेली खरी फाइल न विचारता पुसून टाकते. सावधगिरीचा पर्याय लिहिणाऱ्याचीच फाइल जावी, हा शिष्टाचार कोणत्या नियमावलीत बसतो याचा खुलासा अपेक्षित आहे.

मॅन पेजेसमध्ये, म्हणजे टर्मिनलवरच वाचायच्या कमांडच्या माहितीपानांत, हेच उलट्या वाटेने घडले. तिथल्या ग्रॉफ या जुळणीसाधनात साधी रेघ लिहिली तर हायफन आणि आधी बॅकस्लॅश दिला तर मायनस, असा जुना नियम आहे. लेखकांनी तो फारसा पाळला नाही, पण यूनिकोड टर्मिनलसाठीची मॅक्रो दोन्हींची एकच आस्की रेघ करत असल्याने चूक झाकली गेली. जुलै २०२३ मध्ये आलेल्या ग्रॉफ १.२३.० ने हे पांघरूण काढले. परिणामी मॅन पेजमध्ये पर्याय शोधला तर सापडेना आणि उचलून चिकटवला तर चालेना. डेबियन या लिनक्स वितरणाने आपल्यापुरती जुनी व्यवस्था परत आणली. ग्रॉफचे म्हणणे नियमाला धरून होते, डेबियनचे वाचकाला धरून. इथे डेबियनच बरोबर.

दुरुस्तीत गोम अशी की मूळ फाइल निर्दोष दिसते. स्फिंक्समधली चूक तयार झालेल्या पानावरच उघडी पडते, म्हणून शोध तिथे घ्यावा. स्फिंक्सच्या रीस्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये पर्यायाभोवती दोन-दोन बॅकटिक लागतात. मार्कडाउनच्या सवयीने एकेकच दिला तर त्याचा अर्थ बदलतो. रेघा आणि अवतरणचिन्हे बदलणारी ही सोय पूर्णपणे बंदही करता येते, पण मग गद्यातली अवतरणचिन्हेही सरळसोट होतात. एकाच्या गुन्ह्यासाठी साऱ्या पंगतीला उठवण्याचे कारण नाही.

बॅकटिक घालताना परिच्छेदाच्या ओळी नव्याने मोडू नयेत. तसे केल्यास डिफमध्ये सगळा परिच्छेद लाल-हिरवा होतो आणि तपासणाऱ्याला खरा बदल दिसत नाही. गेटटेक्स्टवर चालणाऱ्या अनुवादांचाही हिशेब ठेवावा लागतो. मूळ वाक्यात एक बॅकटिक वाढला तरी त्याचा अनुवाद ‘फझी’ ठरतो आणि पुन्हा तपासला जाईपर्यंत वापरातून बाहेर राहतो. म्हणून अशा दुरुस्त्या एकत्र कराव्यात, पण मजकुराच्या बदलांत मिसळू नयेत.

या किरकोळ कामाची अब्रू आधीच नाजूक आहे. २०२० च्या हॅक्टोबरफेस्ट या मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावण्याच्या उपक्रमात चार पुल रिक्वेस्टांवर टी-शर्ट होता. काहींनी प्रकल्पांच्या रीडमीत उगाच विशेषणे घुसवली आणि ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात आयोजकांना नियम बदलून प्रकल्पाची संमती सक्तीची करावी लागली. तेव्हापासून रेघ दुरुस्त करणाऱ्या प्रामाणिक माणसाकडेही मेंटेनर संशयाने पाहतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

सबब, सदर चिन्हाने कमांडच्या आसपास मूळ वेशातच राहावे. तोवर दस्तऐवजातला पर्याय वाचकांनी चिकटवू नये, हाताने टाइप करावा; विशेषतः पुढे फाइलचे नाव असेल तेव्हा.

कळावे,
समस्त टर्मिनलधारक